एका विद्यार्थिनीसाठी उघडलेला वर्ग

आनंदीबाई जोशींची ओळख मराठी घरात कुणाला करून द्यावी लागत नाही. १८८६ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात दुसऱ्या एका स्त्रीने, समुद्र न ओलांडता, डॉक्टरकीचा परवाना मिळवला. तिचे नाव कादंबिनी गांगुली. बंगालमध्ये हे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे ते क्वचितच निघते. कादंबिनीबाईंच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांच्या चरित्रात त्यांच्या शाळेची गोष्ट तितकीच मोलाची वाटते.

कादंबिनीचा जन्म १८६१ सालचा. वडील ब्रजकिशोर बसू भागलपूरला मुख्याध्यापक होते, ब्राह्मो विचारांचे होते. १८६३ साली त्यांनी तिथे स्त्रियांसाठी समिती काढली होती. अशा घरातली मुलगी शिकणार हे उघडच होते. पण कुठवर? घरचे उत्तेजन अक्षरओळखीला पुरते. विद्यापीठाच्या परीक्षेला पुरत नाही.

कलकत्त्यात बेथून साहेबांनी १८४९ साली एकवीस मुलींवर शाळा सुरू केली होती. ईश्वरचंद्र विद्यासागर पुढे तिचे सचिव झाले. दोनच वर्षांत बेथून वारले. काही काळ लॉर्ड डलहौसींनी पदरच्या पैशाने शाळा चालवली आणि १८५६ साली ती सरकारने आपल्याकडे घेतली. तरीही पुढची वीस वर्षे तिथले शिक्षण प्राथमिक पायरीवरच राहिले. शाळा होती, पण ती कॉलेजच्या दारापर्यंत नेत नव्हती.

तो मार्ग दुसऱ्या एका शाळेने काढला. बंग महिला विद्यालय ही ब्राह्मो मंडळींची लहानशी शाळा. द्वारकानाथ गांगुली हे तिचे प्राण. मुलींनाही मुलांइतकेच गणित आणि विज्ञान शिकवायचे, असा त्यांचा हट्ट. १८७८ साली ही शाळा बेथून शाळेत विलीन झाली. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने मुलींना परीक्षेला बसण्याची मुभा दिली. कादंबिनीबरोबर सरला दास हीही तयारी करीत होती. पण तिचे लग्न झाले आणि परीक्षा राहिली. कादंबिनी एकटी बसली, उत्तीर्ण झाली. पहिला वर्ग अवघ्या एका गुणाने हुकला.

आता पुढे काय? मुलींसाठी कॉलेज नव्हतेच. तेव्हा सरकारने १८७९ साली बेथून शाळेतच कॉलेजचा वर्ग उघडला. विद्यार्थिनी किती? एक! पुढे चंद्रमुखी बसू येऊन मिळाली. १८८३ साली या दोघी पदवीधर झाल्या. इंग्रजी साम्राज्यातल्या पहिल्या पदवीधर स्त्रियांत त्यांची गणना होते. चंद्रमुखी काही वर्षांनी त्याच कॉलेजची प्रमुख झाली.

त्याच वर्षी कादंबिनीने विधुर द्वारकानाथांशी विवाह केला आणि मेडिकल कॉलेजचे दार ठोठावले. प्रवेश सहज मिळाला नाही. शेवटी एका विषयात अनुत्तीर्ण ठरवल्यामुळे एम.बी. मिळाली नाही, व्यवसायाचा परवाना तेवढा मिळाला. कादंबिनीबाई थांबल्या नाहीत. मुलेबाळे घरी ठेवून १८९३ साली विलायतेला गेल्या आणि स्कॉटलंडच्या पदविका घेऊन परतल्या. दरम्यान १८८९ च्या मुंबई काँग्रेसला त्या प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या; पंडिता रमाबाईही तिथे होत्या. १८९१ साली एका बंगाली पत्राने त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. त्यांनी खटला भरला आणि संपादकाला तुरुंगात जावे लागले. १९२३ साली, एक शस्त्रक्रिया आटोपून घरी परतल्यावर, त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंना शिकवायला घरी गोपाळराव होते, पण पुढे नेणारी शाळा त्यांना मिळाली नाही. म्हणून त्यांना सातासमुद्रापार जावे लागले आणि परतल्यावर काही महिन्यांतच त्या गेल्या. कादंबिनीबाईंच्या पाठीशी घर होतेच, शिवाय शाळा होती आणि त्या शाळेमागे सरकारी तिजोरी होती. पुण्यात रानडे, भांडारकर, मोडक या मंडळींनी १८८४ साली हुजूरपागा उभी केली, तीही हीच उणीव ओळखून.

गावोगावच्या मुलींच्या शाळांत वरचे वर्ग, विज्ञानाची शाखा मागितली की पहिला प्रश्न येतो, मुली आहेत किती? संख्या भरली नाही की अर्ज बाजूला पडतो, आणि दहावी झालेली मुलगी घरी बसते. अशा वेळी मला १८७९ सालचा तो वर्ग आठवतो. तेव्हाही कुणी डोकी मोजली असती तर उत्तर एकच आले असते. वर्ग आधी उघडला, मुली मागून आल्या.