तिसऱ्या कडव्यातील शब्द

ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेचे राष्ट्रगीत तुम्ही ऐकले असेल. ते फ्रान्सिस स्कॉट की यांनी लिहिले. त्यांचा व्यवसाय मात्र वकिलीचा होता.

त्यांचा जन्म १७७९ साली मेरीलँड प्रांतात, एका श्रीमंत घराण्यात झाला. घरच्या शेतीवर गुलाम राबत. ‘गुलाम’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तिकडे आफ्रिकेतून पकडून आणलेली काळी माणसे आणि त्यांची मुलेबाळे गुलाम असत. गुरांसारखी त्यांची खरेदी-विक्री होई.

१८१४ साली अमेरिका व ब्रिटन यांचे युद्ध चालू होते. इंग्रजांनी पकडलेल्या एका वृद्ध डॉक्टरांना सोडवण्यासाठी फ्रान्सिस त्यांच्या आरमाराकडे गेले. इंग्रजांनी सुटकेचे कबूल केले, पण बाल्टिमोर शहरावरील हल्ला संपेपर्यंत त्यांना परत जाऊ दिले नाही. १३ सप्टेंबरला किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला. तो सुमारे २५ तास चालला. फ्रान्सिस रात्रभर जहाजावरून पाहत होते. सकाळी किल्ल्यावर आपलेच निशाण फडकताना दिसले. त्या आनंदात त्यांनी चार कडव्यांची कविता लिहिली.

तिसऱ्या कडव्यात शत्रूची निंदा आहे. शत्रूकडील भाडोत्री सैनिक आणि गुलाम यांना मरणापासून आसरा मिळाला नाही, असे त्यात म्हटले आहे. वाद आहे तो याच शब्दावर. आपल्याकडे येणाऱ्या गुलामांना मुक्त करू, असे इंग्रजांनी त्या वर्षी जाहीर केले होते. कित्येक गुलाम पळून गेले आणि काही इंग्रजांचे शिपाई झाले. कवीचा राग त्यांच्यावर होता, असे काही अभ्यासक मानतात. तो शब्द इंग्रज राजाच्या सर्वच शिपायांसाठी आहे, असे इतरांना वाटते.

फ्रान्सिस यांचे आयुष्य पाहिले तर कोडे अधिकच वाढते. स्वातंत्र्य मागणाऱ्या काही गुलामांचे खटले त्यांनी फी न घेता चालवले. स्वतःचे काही गुलाम मुक्तही केले, पण सगळे नाही. पुढे ते वॉशिंग्टन शहरात सरकारी वकील झाले. गुलामगिरीविरुद्धची पत्रके बाळगणाऱ्या एका डॉक्टरवर त्यांनी १८३६ साली खटला चालवला. डॉक्टर निर्दोष सुटले! १८४३ साली फ्रान्सिस वारले.

त्यांचे गीत १९३१ साली राष्ट्रगीत झाले. सहसा पहिलेच कडवे गातात, म्हणून तिसरे पुष्कळांना ठाऊकही नव्हते. २०१६ साली कॉलिन केपरनिक हा काळा खेळाडू, काळ्यांवरील अन्यायाच्या निषेधार्थ, या गीताच्या वेळी उभा राहिला नाही. तेव्हा लोक जुनी कडवी काढून वाचू लागले. २०२० साली सॅन फ्रान्सिस्को शहरात जमावाने फ्रान्सिस यांचा पुतळा पाडला. गीत मात्र आजही तेच आहे.