माईसाहेबांची दीक्षा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु त्या लाखोंच्या आधी बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहून जिने त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, त्या स्त्रीविषयी आपल्यात फार थोडे बोलले जाते.

माईसाहेब पूर्वाश्रमीच्या डॉ. शारदा कबीर. सारस्वत ब्राह्मण कुटुंबात जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली वैद्यकीय पदवी. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. नवऱ्याने तर १९३५ सालीच येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केलेले. पण नोंदणी विवाहाने कुणाचा धर्म बदलत नाही. पुढची आठ वर्षे इन्सुलिन, पथ्यपाणी, रात्रीची जागरणे सांभाळीत त्या अशा घरात राहिल्या जिथे अहोरात्र बुद्धाचा विचार चालला होता.

मग तो दिवस उजाडला. शुभ्र वस्त्रे नेसून दोघे मंचावर आले. कुशिनाराचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांनी पालीतून शरणे व शीले दिली, ती दोघांनी म्हटली. बुद्धमूर्तीपुढे तीनदा वंदन करून शुभ्र कमळे वाहिली. नवऱ्याच्या दीक्षेत बायकोची आपोआप धरली गेली नाही. माईसाहेबांनी ती स्वमुखाने घेतली. आपल्यातील कित्येक घरांत मात्र घरधन्याने दीक्षा घेतली की सर्वांची झाली असे समजतात, आणि देव्हारा कोपऱ्यात तसाच राहतो!

अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर आपल्याच माणसांनी या विधवेवर नको तो संशय घेतला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबूज थांबली नाही. हे लिहिताना मान खाली जाते. जातीच्या नावाने तिला परकी ठरविणारे स्वतः जात सोडून आले होते.

माईसाहेबांनी धम्म सोडला नाही. बरीच वर्षे दिल्लीत एकाकी काढल्यावर त्या मुंबईस आल्या. चळवळीतील तरुणांनी त्यांना पुन्हा सन्मानाने बोलावले. १९९० साली बाबासाहेबांचे मरणोत्तर भारतरत्न त्यांनीच स्वीकारले. त्याच वर्षी त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या ज्या वस्तू त्यांनी जपल्या होत्या, त्या त्यांनी पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेच्या संग्रहालयास दिल्या.