चिमणीच्या गळ्यातली हळद

मे महिन्यात आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर शिपाई बुलबुलाची पिल्ले येऊ लागतात. आईबापांसारखा तुरा डोक्यावर दिसू लागलेला असतो, पण गालावरचा लाल ठिपका अजून उमटलेला नसतो. परवा त्यातले एक पिल्लू धडपडत तुळशीवृंदावनापाशी पडले. सुट्टीत आलेला माझा नऊ वर्षांचा नातू ते उचलायला धावला. मी त्याला मागे ओढले. आम्ही दोघे ओटीवर गप्प बसून राहिलो. थोड्याच वेळात आई चोचीत अळी घेऊन हजर!

नातवाएवढा असताना मी बेचकीने एक पाखरू पाडले होते. घरी मार खाल्ला. पण ते पाखरू कोणते, हे मला कुणी सांगितले नाही. पिल्ले पाहताना ते आठवते, आणि मग सलीम अली आठवतात.

१८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाचे आईवडील तो तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास दोघेही गेले. गिरगावातल्या खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती छर्‍याची बंदूक आली. दहाएक वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर हळद सांडल्यासारखा पिवळा डाग! मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलर्डसाहेबांनी मुलाला रागे न भरता पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. एका आयुष्याची दिशा तिथे ठरली.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. ब्रह्मदेशात घरचा धंदा सांभाळून झाला. १९१८ साली तेहमिनांशी लग्न झाले. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली. त्यातून रजा काढून ते बर्लिनला स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. १९३० साली परतले, तर पैशांअभावी नोकरीच उरली नव्हती. मी आयुष्यभर बँकेत पगाराच्या तारखा पाहिलेला माणूस. तेव्हा त्या घरात काय वाटले असेल, ते मला कळते.

नवराबायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. रिकामा वेळ भरपूर, म्हणून ते पावसाळाभर त्या पाहत बसले. तोवर नीट कुणी न टिपलेली गंमत त्यांना दिसली. नर खोपा अर्धा विणतो. माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला, तर तिथे संसार मांडून तो पुरा करतो आणि मग दुसरीसाठी नवा खोपा विणायला घेतो! घरोघरच्या ओळखीच्या पाखरात एवढे दडलेले होते. पुढच्या वर्षी त्यावरचा निबंध छापून आला.

मग संस्थानांतली पक्षिगणना, रानोमाळ भटकंती. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. त्या दुःखानंतरही काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हाती पाखरांची नावे आली. पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ, १९७६ साली पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व. १९८७ साली, नव्वद वर्षांचे होऊन ते गेले. आत्मचरित्राला नाव दिले होते ते त्या चिमणीचेच.

बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंतचा हा प्रवास एका मोठ्या माणसाच्या दहा मिनिटांमुळे सुरू झाला, असे मला वाटते. मुलाचा हात धरून मागे ओढणे सोपे. त्यानंतर कप्पा उघडून दाखवायला हवा.

त्या संध्याकाळी नातवाने विचारले, आजोबा, याच्या गालावर लाल कधी येणार? मी माझी जुनी हिशेबाची वही काढली आणि पहिल्या कोर्‍या पानावर त्याला तारीख घालायला सांगितली.