पहिल्या कादंबरीचे जनक : बाबा पदमनजी

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, या प्रश्नाचे ‘यमुनापर्यटन’ हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. ती लिहिणाऱ्या माणसाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. म्हणून हा अल्पसा परिचय.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे कासार कुटुंबात झाला. मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही सारी वाटचाल त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली आहे.

विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. पण कायदा माजघरापर्यंत कसा पोचणार? दुसऱ्याच वर्षी बाबांनी गोष्ट लिहिली. शिकलेली यमुना पती विनायकासह प्रवासाला निघते, गावोगावच्या विधवांची दुःखे पाहते आणि अखेर तेच वैधव्य तिच्याही वाट्याला येते. ती पुन्हा विवाह करते. त्या काळी केवढे हे धाडस!

कादंबरीत धर्मोपदेश फार आहे, हे खरे. त्यामुळेच काही अभ्यासक पहिलेपणाचा मान तिला न देता १८६१ च्या ‘मुक्तामाला’ला देतात. परंतु राजेरजवाडे सोडून घरातल्या बाईचे दुःख कथेचा विषय होऊ शकते, हे बाबांनी आधी दाखविले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली, तिच्या नायिकेचे नावही यमूच!

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या सिन्नरला विड्या वळून माझ्या विधवा आत्याने मुले वाढविली. पण हळदीच्या कार्यात ती आजही मागेच उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तो २०२२ साली, म्हणजे यमुनेनंतर तब्बल १६५ वर्षांनी!

१९०६ साली बाबा निवर्तले. त्यांचा धर्म कोणाला पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या घरात अजून उभा आहे. ‘यमुनापर्यटन’ एका गुणासाठी पाठ करण्यापेक्षा मी ते आत्याला वाचून दाखवायचे ठरविले आहे.