काका बॅप्टिस्टा : एका लहान समाजाचे थोर सुपुत्र

उत्तर कोकणातील मराठी भाषक ख्रिस्ती समाजाने 26 मे 1887 रोजी मुंबईत ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. गोवा व मंगळूरहून आलेल्या धर्मबांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी आणि सरकारी नोकऱ्यांत या भूमीच्या मूळ रहिवाशांचा विचार व्हावा, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी समाजाने जुन्या ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारे नाव धारण केले. याच समाजातील एका सुपुत्राने पुढे इंग्रजी सत्तेविरुद्ध स्वराज्याचा झेंडा उचलला. ते म्हणजे जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा.

त्यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी माझगावच्या माथारपाखाडीत झाला. त्यांचे वडील मूळचे उत्तनचे. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ वनखात्यात नोकरी केली. त्यानंतर ते केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. सरकारदरबारी मानाचे स्थान मिळविणे त्यांना अवघड नव्हते. तथापि, त्यांनी लोकमान्य टिळकांची साथ पत्करली. ते टिळकांचे कायदेविषयक सल्लागार व विश्वासू सहकारी बनले.

एप्रिल 1916 मध्ये बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे अध्यक्षपद एका कॅथोलिक बॅरिस्टरकडे सोपविण्यात आले, ही आपणा सर्वांना अभिमानास्पद बाब आहे. मुंबई शहर वगळता उर्वरित महाराष्ट्र या लीगच्या कार्यक्षेत्रात होता. त्यामुळे धुळे, शिंदखेड्यासह आपला खानदेशही त्यात मोडत होता. 1917 साली लीगची बाजू मांडण्यासाठी काका इंग्लंडला गेले व तेथील मजूर पक्षाच्या नेत्यांना भेटले.

कामगारांचे दुःख त्यांनी आपले मानले. 1920 साली मुंबईत ‘आयटक’ या अखिल भारतीय कामगार संघटनेची स्थापना झाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. 1921 च्या झरिया अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. 1925 साली मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद, म्हणजे आजचे महापौरपद, त्यांनी भूषविले. 1930 साली त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

अल्पसंख्य समाजाला स्वतःच्या संस्था हव्यातच. त्यांच्यामुळे भाषा, चालीरीती व हक्क टिकतात. परंतु केवळ स्वतःपुरते पाहणारी संस्था कालांतराने एकाकी पडते. काकांनी आपला समाज व श्रद्धा न सोडता सर्वांच्या हितासाठी आयुष्य वेचले. खानदेशात संख्येने थोडे असलेल्या आपणा भाविकांसाठी हा वारसा मोलाचा आहे.