काचेच्या कपाटाबाहेरचा शिक्षक

रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट मांडवी ओलांडून चोडणला लागते. बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीचे एक रान आहे. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. गोव्यातील अभयारण्यांत हे सर्वांत लहान. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात बगळे आणि तुतवार चरत असतात, आणि शाळांच्या सहलींतून आलेली मुले त्यांना पाहत असतात. १९८८ मध्ये या जागेला डॉ. सलीम अली यांचे नाव मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. थोर पक्षितज्ज्ञ म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु नावामागचे डॉक्टर हे बिरुद त्यांना परीक्षा देऊन मिळालेले नव्हते, ते विद्यापीठांनी सन्मानाने दिलेले होते. आणि पक्ष्यांशी संबंधित अशी त्यांची पहिली नोकरी संशोधकाची नव्हती, तर संग्रहालयात येणाऱ्या चारचौघांना प्राणी-पक्षी समजावून सांगण्याची होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी ही पोरकी भावंडे खेतवाडीतील आपल्या घरी वाढवली. मामांना शिकारीचा शौक होता. त्यामुळे मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक लवकर आली आणि चिमण्यांवर नेम धरणे हा त्याचा खेळ झाला. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आढळला. ही खाण्यास चालेल का, हा मुसलमान घरातील मुलाला पडलेला पहिला प्रश्न. ही कोणती चिमणी, हा दुसरा. मामांनाही उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्या नावाने चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठवले.

१८८३ साली स्थापन झालेल्या या सोसायटीचे बिऱ्हाड तेव्हा फोर्टमधील फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्या कंपनीच्या जागेत होते आणि मिलर्ड त्याच कंपनीचे काम पाहत. साहेबाच्या कचेरीत शिरताना मुलगा धास्तावलेला होता. मिलर्ड यांनी कागदाच्या पुडीतली मेलेली चिमणी हाती घेतली, तिचे नाव सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. घरी नेण्यास पुस्तके दिली. पुढे पक्ष्याचे कातडे सोलून टिकवावे कसे, नोंद ठेवावी कशी, हेही मुलगा तेथेच शिकला. मिलर्ड यांना झाडांचेही वेड होते. फादर ब्लॅटर यांच्यासमवेत त्यांनी भारतीय वृक्षांवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध आहे. एका व्यापाऱ्याने कामाच्या वेळेत अनोळखी पोरासाठी काढलेला तो वेळ होता. सलीम अलींच्या चरित्रात त्याला कोणत्याही विद्यापीठापेक्षा मोठे स्थान आहे.

शाळेत त्यांचे फारसे जमले नाही. डोकेदुखीने वरचेवर अभ्यास बुडे. १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पार पडली, कॉलेज अर्धवट सुटले, आणि घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशात तवॉय येथे भावाकडे, टंगस्टनच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात पाठवले. तेथील रानात पक्षी पुष्कळ होते. धंद्याला मात्र यश आले नाही. १९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले. त्याच काळात सेंट झेवियर कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा तोटा, पुन्हा मुंबई. सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षणात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा पदवी नसल्याने ती हुकली.

अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नेमण्यात आले. पगार महिना ३५० रुपये. निसर्गेतिहासाचे दालन नुकतेच उघडले होते आणि काचेमागे मांडलेले प्राणी-पक्षी पाहण्यास येणारे विद्यार्थी व इतर प्रेक्षक यांना ते समजावून सांगणे, हे काम. दोन वर्षांत ते या कामाला कंटाळले. पेंढा भरलेला पक्षी उडत नाही, गात नाही, घरटे बांधत नाही. त्याच्याविषयी रोज तेच ते बोलण्याला मर्यादा असते. १९२८ मध्ये रजा काढून ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे गेले. पक्षिशास्त्र म्हणजे केवळ नमुने जमवून त्यांना नावे देणे नव्हे, जिवंत पक्षी कसा जगतो याचा शोध घेणे हे खरे शास्त्र, हा विचार तेथे पक्का झाला. श्ट्रेसेमान यांना ते आयुष्यभर गुरू मानीत. १९३० मध्ये परत येतात तो संग्रहालयाने पैशांअभावी ती जागाच रद्द केलेली. काटकसर करायची वेळ आली की लोकांना शिकवणाऱ्या माणसावर आधी गदा येते, हा रिवाज तेव्हाचा आणि आजचाही.

नोकरी गेली, मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून पतीपत्नी अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या एका घरात राहायला गेले. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत नांदू लागली. सलीम अलींनी शिडी उभी केली, वर कापडाचा आडोसा केला आणि दिवसचे दिवस तेथे बसून नोंदी घेतल्या. मराठी भाषेने घरटे विणण्याचे सारे श्रेय सुगरण या नावातच मादीला देऊन टाकले आहे आणि बहिणाबाईंपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत ते तसेच चालत आले आहे. शिडीवरून दिसले ते वेगळे होते. विणकर असतो तो नर. तो घरटे अर्धे विणतो. मग माद्या येतात, खोप्याची पारख करतात, आणि पसंत पडला तर मुक्काम ठोकतात. मग नर उरलेले काम पुरे करतो, मादी अंडी घालते, आणि हा गृहस्थ शेजारी दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी बेकार सलीम अलींच्या नावाची दखल घेतली. त्याला लागलेले भांडवल म्हणजे शिडी, आडोसा, वही आणि सवड.

यानंतरची वीस-बावीस वर्षे तंबूतच गेली. संस्थानिकांपुढे त्यांनी साधा प्रस्ताव ठेवला : मेहनताना नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. निजामाचे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर-इंदूर-भोपाळचा मध्य भारत, म्हैसूर, बडोदा, कच्छ अशी ही यादी वाढत गेली. बैलगाडी, टपाल, शिधा, नमुन्यांची नोंद या सगळ्या व्यवस्थेत तेहमीनाबाईंचा मोठा वाटा होता. सलीम अलींचे इंग्रजी लेखन घोटीव झाले तेही त्यांच्यामुळे. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. ते पाली हिलवर बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहू लागले आणि वर्षातील बहुतेक दिवस रानात काढू लागले.

१९४१ मध्ये बुक ऑफ इंडियन बर्ड्स प्रसिद्ध झाले. संग्रहालयातील प्रेक्षकांसमोर मिळालेला अनुभव येथे कामी आला, असे मानण्यास जागा आहे. विद्वानांचे ग्रंथ पक्ष्याची लांबी इंचांत सांगत, आणि फांदीवरच्या पक्ष्याला पट्टी लावता येत नाही. सलीम अलींनी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा अशी मापे दिली. ज्याने कावळा पाहिला आहे त्याला उरलेले आकाश वाचता यावे, अशी ही सोय. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. नेहरूंच्या हातून ते इंदिरा गांधींपर्यंत पोचले, आणि त्याचा उपयोग पुढे रानांच्या कामी झाला. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ (१९६८–७४) शास्त्रज्ञांसाठी अमोल आहे. पण गावोगावच्या माणसांना रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन घराबाहेर काढले ते या लहान पुस्तकाने.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद निघून गेले आणि सोसायटीची आर्थिक स्थिती खालावली. सलीम अलींनी नेहरूंकडे शब्द टाकून ती सावरली. मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळवून तेथे पक्षिशास्त्राचे पदव्युत्तर संशोधन सुरू केले. ज्याच्याकडे पदवी नव्हती तो आता पदव्यांचा मार्गदर्शक झाला. पहिले विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी विषय घेतला तो सुगरणींचाच. दुसरे एक विद्यार्थी रॉबर्ट ग्रब यांच्यासह सलीम अलींनी लिहिलेला गोव्याच्या पक्ष्यांवरील निबंध १९७६ मध्ये छापला गेला. आज चोडण वा बोंडल्याला हाती यादी घेऊन जाणारा पक्षिमित्र त्या निबंधाचा वारसदार आहे, त्याला ते ठाऊक असो वा नसो. शिक्षक म्हणून ते कडक होते. ऐकीव नोंद त्यांना खपत नसे, वेळ चुकवलेली चालत नसे, आणि मुक्कामात घोरणाऱ्यांचा तर त्यांना भारी तिटकारा. पक्ष्यांविषयी ते हळवेही नव्हते; अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले आणि ते कधी लपवले नाही. स्वतःसाठी हौस एकच, मोटारसायकल. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आपली सनबीम ते बोटीवर घालून युरोपात घेऊन गेले होते.

महाराष्ट्र सरकार ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून पाळते. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाला तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या वाढदिवसाला संपतो. याच १२ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये, भरतपूरच्या केवलादेव घना या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारी मंडळीने एका दिवसात ४,२७३ पक्षी टिपले होते. सलीम अली त्या दिवशी बेचाळीस वर्षांचे झाले. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ कोरडी करून शेतीसाठी द्यावी अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा त्यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचवली.

भरतपूरच्या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती चरित्रातून गाळता येणार नाही. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाणथळीत चरत. चराईने पक्ष्यांची हानी होते, ती थांबवावी, असे सलीम अलींचे मत होते. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी विरोधात उभे राहिले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यात माणसे मेली. सोसायटीचा दीर्घ अभ्यास त्याच वेळी तेथे चालू होता. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले, आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. म्हशी त्या व्यवस्थेचा भाग होत्या, असा निष्कर्ष निघाला. मोजून, वर्षानुवर्षे नोंदी ठेवून काढलेला हा निष्कर्ष सलीम अलींच्या स्वतःच्या संस्थेचा होता, आणि तो १९९० नंतर, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, समोर आला. गावच्या गुराख्याला काय ठाऊक आहे हे त्यांनी विचारले असते तर कदाचित इतका काळ आणि इतकी किंमत लागली नसती.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मान त्यांना मिळाले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे रान धरणात बुडू नये यासाठी त्यांनी उतारवयात आपले वजन खर्च केले आणि ते रान राहिले. १९८५ मध्येच आत्मचरित्र आले. त्याचे नावही एका चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवलेले. दोन वर्षांनी, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

केवलादेवच्या सरळ रस्त्यावरून आज मोटारी जात नाहीत, सायकलरिक्षा जातात. त्या ओढणारे भरतपूर परिसरातील लोक आहेत. त्यांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण मिळालेले आहे आणि वनखात्याने परवानगी दिलेली आहे. बाभळीच्या फांदीवर डोळे मिटून बसलेले घुबड पाहुण्याला दिसण्याआधी त्यांना दिसते, आणि ते रिक्षा थांबवतात.