सेनापति नथानिएल ग्रीन

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट निघाली म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचें नांव सर्वांच्या मुखीं येतें. पण त्याच्या हाताखालच्या ज्या सेनापतीनें लढाईमागून लढाई हरून दक्षिणेकडील प्रांत सोडविले, त्याची माहिती आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच असेल. म्हणून ती देतों.

ग्रीन १७४२ सालीं ऱ्होड आयलंड वसाहतींत जन्मला. बाप क्वेकर पंथाचा उपदेशक असून लोखंडाची भट्टी चालवीत असे. मुलानें घण मारावा, फार पुस्तकें वाचूं नयेत, असें घरचें मत. तरी त्यानें पुस्तकें मिळवून वाचलींच. क्वेकर लोक शस्त्र धरणें पाप मानितात. १७७३ सालीं त्यांनीं ग्रीनला मंडळीबाहेर ठेविलें. पुढें गांवांत पथक उभें राहिलें, तेव्हां तो एका पायानें लंगडतो म्हणून त्यास अंमलदारी मिळाली नाहीं. तो साधा शिपाई होऊन रांगेंत उभा राहिला. नवल हें कीं, १७७५ सालीं वसाहतीनें आपलें सर्व सैन्य त्याच्याच हातीं दिलें!

१७८० च्या डिसेंबरांत तो शार्लट येथें दक्षिणेच्या फौजेवर आला. कॅम्डन येथें मोड झालेली ती फौज उपाशी व उघडी होती. एवढ्याशा फौजेचेही त्यानें दोन भाग केले. शास्त्राप्रमाणें ही चूकच. परंतु एके ठिकाणीं सर्वांस पोटभर अन्न मिळेना, हें ग्रीननें ओळखिलें होतें. त्यांपैकीं एका भागासह डॅनिएल मॉर्गन ह्यानें १७ जानेवारी १७८१ रोजीं काउपेन्स येथें इंग्रजांचा मोड केला. लॉर्ड कॉर्नवॉलिस चिडून, आपलें सामानसुमान जाळून, पाठीस लागला. ग्रीननें होड्या आधींच जमवून ठेविल्या होत्या. १४ फेब्रुवारीस त्याची फौज डॅन नदीपार झाली, आणि कॉर्नवॉलिस अलीकडच्या तीरावर राहिला.

१५ मार्चला गिलफर्ड येथें लढाई झाली. मैदान इंग्रजांनीं जिंकिलें, पण सुमारें १,९०० लोकांपैकीं त्यांचे ५०० हून अधिक मेले वा जखमी झाले. कॉर्नवॉलिस समुद्राकडे व मग व्हर्जिनियाकडे वळला, आणि ऑक्टोबरांत यॉर्कटाउन येथें शरण गेला. (हाच पुढें १७८६ सालीं हिंदुस्थानाचा गव्हर्नर जनरल झाला व मराठ्यांच्या साह्यानें टिपूशीं लढला.) ग्रीन मात्र दक्षिणेस परतला. हॉबकर्क्स हिल येथें हरला, नाइंटी सिक्सचा वेढा त्यास उठवावा लागला. तरी इंग्रज एकेक ठाणें सोडीत गेले, व १७८२ च्या डिसेंबरांत चार्ल्सटनही त्यांनीं सोडिलें.

शिपायांस वस्त्रें मिळावींत म्हणून ग्रीन एका ठेकेदारास जामीन राहिला होता. ठेकेदार बुडाला, आणि कर्ज ग्रीनच्या माथीं आलें. जॉर्जियानें त्यास मलबरी ग्रोव्ह ही जमीन बक्षीस दिली होती. तेथें तो गुलामांकडून शेती करवूं लागला. युद्धांत काळ्या लोकांस शिपाई करून स्वातंत्र्य द्यावें असें सुचविणाऱ्यानें हें करावें, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. कर्जाचें निमित्त आम्हांस पुरेसें वाटत नाहीं.

१९ जून १७८६ रोजीं ऊन लागून तो वारला. वय ४३ वर्षें. विधवा कॅथरिन हिनें काँग्रेसकडे अर्ज केला, आणि १७९२ सालीं तिला त्या कर्जापोटीं ४७,००० डॉलर मंजूर झाले.